पावसात चालायचा बूट: भिजणार हे धरूनच निवडा

पावसातल्या सहलीसाठी बूट घ्यायला गेलेल्या माणसाचा दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा वॉटरप्रूफ आहे ना? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दिवसभर पावसात चालणाऱ्याचे पाय कधी ना कधी ओले होतातच. वरून पाणी शिरते, नाहीतर आत घाम साचतो. म्हणून विचारायचे ते हे, की भिजल्यावर हा बूट कसा वागेल? आत गेलेले पाणी सोडेल की धरून ठेवेल? ओला पाय त्यात सरकेल का? ओल्या फरशीवर सोल पकड ठेवेल का? आणि उद्या सकाळपर्यंत वाळेल का? कापड, सोल, माप, मोजे या सगळ्यांची निवड याच प्रश्नांवरून करायची आहे.

वॉटरप्रूफ बुटाच्या आत काय असते

वॉटरप्रूफ बुटात पाणी अडवण्याचे मुख्य काम बाहेरचे कापड करत नाही. ते करतो कापड आणि अस्तर यांच्यामध्ये मोज्यासारखा बसवलेला एक पातळ पडदा. अशा पडद्यांत गोर-टेक्सचे नाव सर्वांत परिचित. तो मुळात पीटीएफईपासून बनला, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर ज्याचा थर असतो त्या पदार्थापासून. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी त्याची तापवलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम झटका देऊन ओढली, आणि ती तुटण्याऐवजी लांबच लांब ताणली गेली. ताणलेल्या पदार्थात असंख्य सूक्ष्म छिद्रे होती. पाण्याचा थेंब अडेल इतकी ती लहान होती आणि वाफ निघून जाईल इतकी मोठी. आज इतर पदार्थांचेही पडदे मिळतात. अपेक्षा तीच, की पाणी आत येऊ नये आणि घामाची वाफ बाहेर जावी.

यातला दुसरा भाग पावसात लंगडा पडतो. वाफ आपणहून बाहेर जात नाही. आतल्या हवेत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेरच्या हवेत कमी असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. चालणाऱ्या पायाभोवतीची हवा साधारण ३५ अंश सेल्सिअसची आणि घामाने भरलेली आहे असे धरू. तिच्यातल्या बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर होतो. बाहेर १० अंश तापमान आणि पाऊस असेल, तर पूर्ण दमट हवेतही तो दाब ९ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. फरक ३३ चा, म्हणजे वाफेला बाहेर जायला चांगला जोर मिळतो. आता बाहेर २७ अंश आणि संततधार पाऊस आहे असे समजा. बाहेरच्या हवेचाच दाब २७ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि फरक उरतो १५ चा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. बूट तोच, पडदा तोच, पण गरम पावसात त्याचे काम अर्ध्यावर येते. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या अडीच लाखांच्या आसपास ग्रंथी असतात. त्या मात्र थांबत नाहीत. संध्याकाळी मोजे पिळले की पाणी निघते आणि माणूस म्हणतो, बूट गळतो. बऱ्याचदा बूट गळलेला नसतो, ते पाणी पायाचेच असते.

दुसरी अडचण बाहेरच्या कापडाची. त्यावर पाणी न चिकटू देणारा एक लेप असतो, म्हणून नव्या बुटावर थेंब मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळतात. चिखल, धूळ आणि घासण्याने तो लेप उतरतो. मग कापड पाणी पिऊ लागते, त्याचा रंग गडद होतो, बूट जड होतो आणि ओल्या कापडाआड पडद्यातून वाफ निघणे आणखी मंदावते. हे तपासायला एक चमचा पाणी पुरे. बुटाच्या चवड्यावर ते टाका. थेंब झाले तर लेप शाबूत आहे. डाग पसरला तर बूट साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन, मिळतो तो पाणीरोधक फवारा मारून घ्या. फवारा मळलेल्या कापडावर मारला तर धरत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरी अडचण सगळ्यांत साधी आहे. बुटाला वर तोंड असते. नडगीवरून ओघळणारे पाणी मोज्यातून थेट आत उतरते. जो पडदा पाणी आत येऊ देत नाही, तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. घोट्याखाली संपणारा वॉटरप्रूफ बूट एकदा वरून भरला, की दिवसभर पाण्याची बादली पायात घेऊन चालल्यासारखे होते. असा बूट वाळायलाही वेळ घेतो. दमट हवेत दोन दिवस सहज जातात.

वॉटरप्रूफ बूट घेतलाच तर त्याची जीभ वर करून पाहा. जिभेच्या दोन्ही बाजू बुटाला कापडाच्या घडीने जोडलेल्या असतात. ही घडी जिथे संपते, तिथपर्यंतच बूट पाणी अडवतो. काही बुटांत ती नाड्यांच्या निम्म्या उंचीवरच संपते आणि घोटाभर पाणी नसतानाही आत पाणी येते. पाऊस असेल तेव्हा पँट बुटात खोचू नका, बुटावरून बाहेर सोडा. खोचलेली पँट पाण्याचा पन्हाळ होते.

मग वॉटरप्रूफ कधी घ्यावा? हवा थंड असेल, साधारण १०-१२ अंशांच्या खाली, तेव्हा निःसंकोच. भुरभुर पाऊस, दवाने भिजलेले गवत, वितळता बर्फ, शहरातल्या रस्त्यावरची लहान डबकी, अशा ठिकाणी तो खरेच उपयोगी पडतो. पण उबदार हवा, धो धो पाऊस आणि मध्येच ओढे किंवा तुंबलेले रस्ते ओलांडायचे असतील, तर आमचे मत स्पष्ट आहे: जाळीचा, पाणी झटकन सोडणारा बूट घ्या.

पाणी सोडणारा बूट कसा ओळखायचा

अनेक बुटांवर जाळी नुसती दिसायला असते आणि तिच्यामागे पडदा किंवा जाड अस्तर असते. दुकानात करण्याजोगी चाचणी अशी: एक हात बुटाच्या आत घालून तळहात चवड्याच्या कापडाला आतून टेकवा आणि बाहेरून जवळून जोरात फुंकर मारा. हवा तळहाताला लागली तर पाणीही तिथून बाहेर पडेल. लागली नाही तर आत काहीतरी अडसर आहे.

मग घोट्याभोवतीची गादी चिमटीत धरून पाहा. दुकानात पाय घातल्यावर सुखद वाटणारी जाडजूड मऊ गादी पावसात स्पंज होते. पातळ, घट्ट विणीची गादी बरी. आतले अस्तर सुती नको. पायाखालची सुटी गादी, म्हणजे इनसोल, बाहेर निघाली पाहिजे. चिकटवलेला इनसोल असलेला बूट आतून धड वाळत नाही, आणि ओलसर राहिलेल्या कडेपासून वास सुरू होतो. इनसोलचा फोम बोटांनी दाबा. स्पंजासारखा दाबून सपाट होणारा फोम पाणी पितो, रबरी चेंडूसारखा घट्ट आणि बंद पोताचा फोम पीत नाही.

घरी असलेला बूट नेण्याजोगा आहे का, हे तर ठामपणे तपासता येते. कोरडा बूट काट्यावर तोला. बादलीत बुडवून काढा, पाणी ओता, घालून १० मिनिटे चाला आणि पुन्हा तोला. वजन मूळ वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक वाढलेले राहिले, तर तो बूट पावसाळी सहलीला नेऊ नये. पायातले वजन पाठीवरच्या वजनासारखे नसते. प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे फेकावे लागते, त्यामुळे तेवढ्याच वजनाला पाठीपेक्षा पायात चार ते सहा पट श्रम पडतात. प्रत्येक बुटात १५० ग्रॅम पाणी म्हणजे जोडीत ३०० ग्रॅम. पाठीवर सव्वा ते पावणेदोन किलो वाढल्यासारखेच ते.

चामड्याचा बूट मेण लावलेला असेल तर काही तास तग धरतो. पण एकदा भिजला की जड होतो, सैल पडतो आणि सावकाश वाळतो. सुती कॅनव्हासचा बूट पावसासाठी बाद समजा. गमबूट उभ्याने काम करायला उत्तम, पण त्यात टाच धरली जात नाही आणि हवा खेळत नाही. त्यात पाच-सहा किलोमीटर चालले की टाच सोलली जाते.

मागे पट्टा असलेली सँडल मात्र गंभीरपणे विचारात घेण्यासारखी आहे. उबदार पावसात आणि बांधलेल्या रस्त्यांवर तिच्याइतके लवकर वाळणारे काही नाही. तीन ठिकाणी पट्टा हवा: चवड्यावर, पावलाच्या उंचवट्यावर आणि टाचेमागे. तळवा टेकतो तो भाग खरखरीत हवा. गुळगुळीत असेल तर ओला पाय सँडलच्या आतच घसरतो. बोटे उघडी राहतात, म्हणून दगडधोंड्यांच्या वाटेला आणि तळ न दिसणाऱ्या साचलेल्या पाण्याला ती चालत नाही. अशा पाण्यात काच, खिळे असतात. शिवाय पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिससारख्या आजाराचे जंतू तिथून शरीरात शिरू शकतात. अंगठ्यात धरायच्या चपला दिवसभर चालायला नकोतच. त्या सुटू नयेत म्हणून बोटे सारखी आवळून धरावी लागतात, आणि ओल्या असताना तर जास्तच.

सोल: घसरण कुठून सुरू होते

पाऊल पडताना आधी टाचेचा मागचा काठ टेकतो. त्या क्षणी टाच पुढे सरकत असते आणि शरीराचे वजन तिच्यावर येऊ लागलेले असते. फरशी ओली असेल तर रबर आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. तो थर क्षणार्धात बाजूला सारला गेला तर रबर फरशीला भिडते आणि पकड मिळते. सारला गेला नाही तर टाच पाण्यावर तरंगते आणि पुढे निसटते. पावसात माणूस बहुधा पाठीवर पडतो, तो यामुळेच.

म्हणून सोल उलटा करून टाचेकडचा भाग आधी पाहा. खाचा सोलच्या काठापर्यंत जाऊन बाहेर उघडतात का? उघडत असतील तर पाण्याला वाट आहे. खाचा गोल किंवा चौकोनी डबीसारख्या बंद असतील तर पाणी आत कोंडते आणि पकड जाते. टाचेचा मागचा काठ काटकोनी धारदार नको, थोडा तिरका किंवा गोलसर बरा. मग टेकतानाच थोडा अधिक भाग जमिनीला लागतो.

यापुढे जमिनीप्रमाणे गणित बदलते, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. चिखलाला खोल आणि लांब लांब दाते लागतात: ५ ते ७ मिलिमीटर खोल आणि मध्ये भरपूर जागा, म्हणजे चिखल पाऊल उचलताच गळून पडतो. पण तोच सोल ओल्या संगमरवरावर, टाइल्सवर किंवा गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर धोक्याचा ठरतो. तिथे जमिनीला टेकतात ती फक्त दात्यांची टोके. टेकणारे रबरच कमी, मग पकड कुठून येणार? कठीण, गुळगुळीत जमिनीला २ ते ४ मिलिमीटरचे सपाट माथ्याचे, जवळजवळ बसवलेले ठोकळे हवेत आणि त्या ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या बारीक रेघा हव्यात. पाऊल वाकले की या रेघा उघडतात, पाणी आत घेतात, आणि त्यांच्या कडा फरशीला धरतात. १९३५ मध्ये पॉल स्पेरी यांनी बोटीच्या ओल्या डेकवर चालायचा बूट बनवला तो याच तत्त्वावर. त्यांचा कुत्रा बर्फावर न घसरता पळत असे. त्याच्या तळव्यावरच्या बारीक भेगा पाहून त्यांनी रबरी सोलवर तशा चिरा पाडल्या.

दोन्ही प्रकारची जमीन असलेल्या सहलीला काय घ्यावे? चिखलात घसरलेला माणूस बहुतेक वेळा कपडे मळवून उठतो, पायरीवर घसरलेला मनगट किंवा माकडहाड मोडून घेऊ शकतो. म्हणून झुकते माप कठीण जमिनीला द्या: साधारण ४ मिलिमीटरचे सपाट माथ्याचे ठोकळे, त्यांवर बारीक चिरा.

रबराचा मऊपणा नखाने कळतो. अंगठ्याचे नख सोलवर दाबा. हलकीशी खूण उमटून हळूहळू भरून आली तर रबर पकडीचे आहे. नख नुसते घसरले आणि सोल प्लॅस्टिकसारखा चकाकत असेल तर तो बूट ठेवून द्या. मऊ रबर लवकर झिजते, हा त्याचा तोटा. पावसाच्या सहलीसाठी तो पत्करावा. हलक्या बुटांपैकी काहींना तळाला रबर नसतेच, नुसता फोम असतो. कोरड्या रस्त्यावर ते छान वाटतात, ओल्या टाइल्सवर त्यांचा भरवसा नाही.

नवा बूट पहिल्या दिवशी हमखास थोडा घसरतो. सोल साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश रबरावर राहिलेला असतो. खरखरीत डांबरी रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालले किंवा सोल साबणाने घासून धुतला की तो जातो. जुन्या बुटाचे उलटे असते. टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर खाचा झिजून गुळगुळीत ठिपका तयार होतो. तो पेन्सिल सेलच्या बुडाहून मोठा झाला असेल, तर बाकीचा सोल कितीही चांगला दिसो, ओल्यावर तो बूट वापरू नका. पाऊल टेकते नेमके तिथेच.

शेवाळावर मात्र कुठलेच रबर टिकत नाही. शेवाळाचा थर स्वतःच दगडावरून सुटतो, बूट त्याला धरून ठेवतो तरी काय उपयोग. तसेच रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणे आणि ओल्या फळ्या. तिथे पावले आखूड टाका, टाच आधी न टेकवता सबंध तळवा एकदम टेकवा आणि अंगाचा भार पावलाच्या बरोबर वर ठेवा.

माप घेताना

पाय दिवसभरात थोडे फुगतात, चालल्यावर आणखी. म्हणून बूट संध्याकाळी घ्यायला जा आणि सहलीत घालणार तेच मोजे घेऊन जा. दोन पायांपैकी मोठा कोणता ते पाहून त्याच्या मापाने घ्या. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर. त्यामुळे एका पद्धतीतला नंबर दुसऱ्या पद्धतीत कधीच चपखल उतरत नाही. खोक्यावर लिहिलेला आकडा हा अंदाज समजा.

खात्रीचा मार्ग इनसोलचा. तो बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर टाच मागच्या काठाला जुळवून, पूर्ण वजन टाकून उभे राहा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे, आडव्या बोटाएवढी. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असे नाही. अनेकांचे शेजारचे बोट पुढे असते. करंगळीच्या बाजूने पाऊल इनसोलच्या बाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे. नंबर वाढवून अरुंदपणा जात नाही, फक्त लांबी वाढते आणि टाच सैल होते. तेव्हा रुंद साच्याचा दुसरा बूट शोधा.

मग बूट घालून नाड्या बांधा आणि उतारावरून किंवा जिन्यावरून खाली उतरा. बोटे पुढे आपटली तर बूट लहान आहे किंवा पावलाचा उंचवटा नीट धरला जात नाही. याकडे काणाडोळा केलात तर दोन दिवसांच्या उतरणीत अंगठ्याचे नख काळे पडते. वर चढताना टाच किती उचलली जाते तेही पाहा. चार-पाच मिलिमीटरपर्यंत ठीक. ओल्या मोज्याने आणि भिजून ढिल्या झालेल्या कापडाने हा सैलपणा वाढणारच असतो, म्हणून कोरड्या दुकानात आधीच टाच ढिली वाटणारा बूट पावसात चावतो.

शेवटी बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. पायाची बोटे जिथे वाकतात, म्हणजे चवड्याच्या सांध्याशी, तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडणारा बूट तळव्याला आधार देत नाही. आणि नवा बूट थेट सहलीला नेऊ नका. तासाभराच्या तीन-चार फेऱ्या आधी करा, आणि त्यातली एक मुद्दाम बूट-मोजे भिजवून. कुठे घासते ते त्या एका फेरीत कळते.

बूट का चावतो, आणि मोज्यांचे काम

फोड कातडी वरवर घासल्याने येतो असा समज आहे. खरे तर बूट आणि मोजा कातडीला धरून ठेवतात, आतले हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढेमागे होते. मधले थर ताणले जाऊन आतल्या आत एकमेकांपासून सुटतात, आणि त्या फटीत पाणी भरते. तो फोड. कोरडी कातडी मोज्यावर थोडी सरकते, म्हणून ताण कमी बसतो. दमट कातडी मोज्याला चिकटते, घर्षण वाढते आणि ताण थेट आतल्या थरांवर जातो. त्यातच पाणी पिऊन कातडी फुगलेली, पांढरी आणि मऊ झालेली असते.

त्यामुळे मोजे सुती नकोत. सूत पाणी धरते, ताणून सैल होते आणि बोटांखाली घडी पडते. जिथे घडी तिथे फोड. नायलॉन-पॉलिएस्टरचे पातळ मोजे लवकर वाळतात आणि उबदार पावसाला ते चांगले. थंडीत मेरिनो लोकरीचे घ्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि भिजल्यावरही काही ऊब राखते. बोटांमध्ये चिखल्या होणाऱ्यांना प्रत्येक बोटाला वेगळी जागा असलेले मोजे खरेच उपयोगी पडतात. कातडी कातडीला लागत नाही, म्हणून बोटांच्या बेचक्या कुजत नाहीत.

सकाळी बोटांच्या बेचक्यांत, टाचेवर आणि चवड्याखाली पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. त्याने पाणी कातडीत मुरणे कमी होते. मुक्काम मोठा असेल तिथे बूट काढून मोजे पिळा, पाय पुसा आणि १० मिनिटे उघडे ठेवा. कुठे चुरचुरू लागले तर फोड यायची वाट न पाहता तिथे चिकटपट्टी लावा. पट्टीचे कोपरे गोल कापले तर ती मोज्यात गुंडाळली जात नाही. मधुमेह असलेल्यांना पायाची जखम जाणवत नाही असे होऊ शकते, म्हणून त्यांनी रोज रात्री तळवे नजरेने तपासावेत.

टाच सरकत असेल तर नाडीचा एक प्रकार कामाला येतो. बुटाला सर्वांत वर, थोडे मागे सरकलेले एक जास्तीचे भोक असते. नाडी त्यात बाहेरून आत घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना लहानसा फास राहतो. उजवी नाडी डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून ओवा, मागे-खाली ओढून घट्ट करा आणि मग गाठ मारा. टाच मागच्या भिंतीला बसते आणि बोटांवर दाब येत नाही. गोल गुळगुळीत नाड्या भिजल्यावर सुटतात. चपट्या घ्या आणि दुहेरी गाठ मारा.

कपाटातला जुना बूट

काही वर्षे न वापरलेला, नव्यासारखा दिसणारा ट्रेकिंगचा बूट सहलीसाठी बाहेर काढला जातो आणि पहिल्याच ओल्या दिवशी त्याचा सोल अखंड सुटून हातात येतो. कारण वापर नव्हे, हवेतला ओलावा. अनेक बुटांचा मधला थर, म्हणजे तळाचे रबर आणि पाय यांच्यामधली जाड गादी, पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो. दमट हवेतले पाणी त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत राहते. बूट खोक्यात असला तरी हे चालूच असते, आणि पाच ते दहा वर्षांत तो थर ठिसूळ होतो. निघण्याच्या आठवडाभर आधी मधला थर बाजूने अंगठ्याने जोरात दाबा आणि बूट पूर्ण वाकवा. भेगा दिसल्या, चुरा पडला किंवा बोटाला चिकट लागले तर तो बूट संपला. गोंद लावून उपयोग नाही, कारण गोंदाने धरायला खाली घट्ट काही उरलेलेच नसते. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमचा थर असा कुजत नाही. तो फक्त दबून पातळ होतो आणि त्यावर आडव्या सुरकुत्या दिसतात.

मुक्कामावर

बूट काढल्यावर चिखल लगेच धुवा; वाळलेला चिखल जाळीची भोके बुजवतो. नाड्या पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, इनसोल काढून वेगळा उभा ठेवा. वर्तमानपत्राचे बोळे करून टोकापर्यंत सैलसर भरा. पहिले बोळे अर्ध्या-पाऊण तासात बदला, कारण सर्वाधिक पाणी तेच पितात. दुसऱ्यांदा बदलून मग बूट पंख्याच्या वाऱ्यात, तोंड वाऱ्याकडे करून, तिरपा ठेवा. शेगडी, हीटर किंवा शेकोटीजवळ ठेवू नका. हात निवांत ठेवता येणार नाही इतक्या उष्णतेने सोलचा गोंद मऊ होतो आणि चामडे तडकते. दमट हवेत पंखा हाच मोठा आधार. हवा हलली नाही तर रात्रभरात बूट आहे तसाच राहतो.

मोज्यांचे तीन जोड पुरतात: एक पायात, एक वाळत आणि एक फक्त झोपायला. हा तिसरा जोड काही झाले तरी चालायला वापरू नका. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय निकामी करणारा आजार हिमवर्षावाची वाट पाहत नसे. १५ अंशांच्या आसपासही ओला आणि गार राहिलेला पाय एका दिवसात बधिर होऊ शकतो. फुगलेली कातडी पूर्ववत व्हायला रोज सहा-आठ तासांचा सलग कोरडेपणा लागतो, आणि तो मिळण्याची हमखास वेळ रात्रीचीच.

सकाळी बूट अजून ओला असेल आणि बाहेर पाऊस असेल, तर कोरडे मोजे त्यात घालून वाया घालवू नका. १० मिनिटांत ते भिजतील. कालचेच पिळलेले मोजे घाला. पहिली काही मिनिटे गार लागेल, मग पायाच्या उबेने सुसह्य होईल. पाऊस थांबला असेल आणि बूट नुसता दमट असेल, तर मात्र वाळलेले मोजे घाला. ते बुटातला उरलेला ओलावा ओढून घेतात. तासाभराने काढून पिशवीवर वाळत टाका आणि दुसरा जोड घाला. अशा दोन अदलाबदलींत जाळीचा बूट बहुधा दुपारपर्यंत कोरडा होतो.